पावसातून येणारं फुकटचं नत्र आणि जंगलाची माती

पाचोळा:

परवा दुसऱ्या एका धाग्यावर वाद चालला होता. एकांचं म्हणणं, ‘नायट्रोजनचं प्रदूषण’ हा शब्दच खुळा, कारण हवेत ७८ टक्के नायट्रोजनच तर असतो. तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा काढते.

मी काही वर्षं जंगलाच्या मातीवर काम केलं आहे. आता ते सुटलं, पण हाताला माती लागली की बोटांनी चुरून वास घेतल्याशिवाय अजून राहवत नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की जवळपास कुठल्याच जिवाला ते वापरता येत नाहीत. वीज कडाडली की थोडे सुटतात, आणि काही मोजक्या जिवाणूंना ती जोडी फोडायची कला येते. बाकी सगळी सृष्टी त्यांच्या जिवावर. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरनं हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला त्याचा कारखाना सुरू झाला. आज जगातली साधारण निम्मी माणसं त्या खताच्या बळावर जेवतात, त्यामुळे हाबरला शिव्या घालायला हा धागा नाही. पण शेतात टाकलेलं सगळं नत्र पिकात जात नाही. काही अमोनिया होऊन उडतं. गुरांच्या मलमूत्रातूनही उडतं. इंजिनं आणि वीजकेंद्रांच्या धुरातून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात. हे झालं ‘क्रियाशील’ नत्र, म्हणजे जिवांना वापरता येणारं. ते वर जातं, वाऱ्याबरोबर फिरतं आणि कुठे ना कुठे खाली उतरतं. प्रदूषण म्हणायचं ते ह्याला.

उतरताना जंगलावर जरा जास्तच उतरतं. झाडांचे शेंडे हवेला कंगव्यासारखे विंचरतात. वायू आणि कण पानांवर चिकटतात आणि पुढच्या पावसात धुऊन खाली येतात. बारा महिने सुया बाळगणारी सूचिपर्णी झाडं ह्यात सगळ्यात पटाईत. माणसाचा हात न लागलेल्या जागी वर्षाला हेक्टरी साधारण एक किलो किंवा त्याहून कमी नत्र पडत असे. मध्य युरोपातल्या कित्येक जंगलांवर २० ते ४० किलो पडलं आहे, आणि तेही दशकानुदशकं.

आता मुद्द्याची गोष्ट. समशीतोष्ण आणि उत्तरेकडच्या थंड जंगलांची सगळी घडी नत्राच्या टंचाईवर बसलेली आहे. नत्र मातीत असतं, पण पाचोळ्यात, मेलेल्या मुळांत, लिग्निनच्या, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या चिवट पदार्थाच्या, गुंत्यात अडकलेलं. झाडाला ते सोडवता येत नाही, म्हणून झाड बुरशीला कामावर ठेवतं. बुरशी मुळाच्या टोकावर मोज्यासारखी चढते, तिचे तंतू बाहेर मातीत लांबवर पसरतात आणि नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पाणी आणून देतात. बदल्यात झाड साखर देतं. ह्या जोडीला मायकोरायझा हे नाव १८८५ मध्ये आल्बर्ट फ्रांकनं दिलं. त्याला खरं तर प्रशियाच्या राजासाठी ट्रफल नावाची जमिनीखालची अळंबी लागवडीत आणायची होती. ते बाजूला राहिलं आणि हे हाती लागलं.

साखरेचा व्यवहार केवढा मोठा आहे ह्याचा अंदाज एका स्वीडिश प्रयोगानं आला. पाइनच्या झाडांची साल खोडाभोवती गोल कापून टाकली, म्हणजे पानांतली साखर मुळांकडे जाणं बंद. २००१ मध्ये निकाल छापून आले. एक-दोन महिन्यांत मातीचा श्वास, म्हणजे तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, निम्म्याहून खाली आला. जी माती ‘कुजणाऱ्या पाचोळ्यावर’ जगते असं आपण समजत होतो, तिचा अर्धा श्वास वरच्या पानांत नुकत्याच तयार झालेल्या साखरेवर चालत होता.

अशा घरात रोज सकाळी दारात फुकटचं नत्र पडायला लागलं तर झाड काय करेल? बुरशीचा पगार कापेल. माझ्या मते ह्या सगळ्या विषयाचं मूळ तिथे आहे. नत्र कोणाला विषासारखं मारत नाही (निदान सुरुवातीला तरी), ते एकमेकांची गरज संपवतं. आणि गरज संपलेली वरून दिसत नाही. वर जंगल आणखी हिरवं दिसतं.

काजवा:

वाचतोय, मस्त. पण एक बाळबोध शंका. झाडाला खत मिळालं, बुरशीला द्यायची साखर वाचली. मग झाड जोमानं वाढेल की. ह्यात झाडाचं वाईट काय झालं?

तिरकस:

अति तेथे माती. इथे तर अक्षरशः.

पाचोळा:

तिरकस, ही म्हण पहिल्या तीन प्रतिसादांत येणार अशी मी स्वतःशीच पैज लावली होती. जिंकले.

काजवा, शंका बाळबोध नाही, इथेच संशोधकही बराच काळ अडले होते. सुरुवातीला झाडं वाढतातच. १९८९ मध्ये जॉन एबर आणि सहकाऱ्यांनी ‘नत्र-संपृक्तता’ ही कल्पना मांडली. जंगल आधी नत्र शोषून घेतं, वाढ चढते. मग हळूहळू झाडं, सूक्ष्मजीव, सगळ्यांचं पोट भरतं आणि नायट्रेट झिरपून ओढ्यात जायला लागतं. शेवटी वाढ खुंटते आणि झाडं मरायलाही लागतात.

हे तपासायला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८ पासून जंगलाच्या तुकड्यांवर अमोनियम नायट्रेट फवारत आले आहेत. काहींवर वर्षाला हेक्टरी ५० किलो, काहींवर १५०, काही तसेच सोडलेले. एक राई लाल पाइनची, एक मिश्र रुंदपर्णी झाडांची. जास्त मात्रेच्या तुकड्यात पाइन मोठ्या संख्येनं मेले. रुंदपर्णी जंगल उलट वाढलं. पण माती दोन्हीकडची बदलली, बुरशीचं वस्तुमान दोन्हीकडे घटलं. वरून एक मेलेलं आणि एक धष्टपुष्ट, खाली कथा सारखीच. वर बघून खालचं ओळखता येत नाही म्हणते ते ह्यासाठी.

आणि झाडाच्या बाजूनं तोटा असा, की बुरशी फक्त नत्र आणत नव्हती. स्फुरद, पाणी, कितीतरी सूक्ष्म द्रव्यं तिच्याच वाटेनं येत होती. नत्र फुकट मिळालं म्हणून नोकर काढला, मग लक्षात आलं की विहिरीवरून पाणीही तोच आणत होता.

शंकासुर:

लेख छान आहे पण गणित पटत नाही. जंगलाच्या मातीत हेक्टरी हजारो किलो नत्र असतं ना? त्यात वर्षाला दहा-वीस किलो पडलं तर काय आभाळ कोसळतं? समुद्रात चिमूटभर मीठ.

दुसरं, शेंगावर्गीय झाडं आणि आल्डरसारखी झाडं मुळांवरच्या जिवाणूंकरवी स्वतःच मातीत नत्र भरतात. ते पण प्रदूषण का? निसर्गानं केलं की पुण्य आणि माणसानं केलं की पाप, हा प्रकार मला नेहमी खटकतो.

पाचोळा:

शंकासुर, नावाला जागलात. दोन्ही मुद्दे रास्त.

हजारो किलो असतं, खरंय. पण ते मुदत ठेवीत आहे. तिची मुदत कधी दशकं, कधी शतकं. झाडाचा आणि सूक्ष्मजीवांचा रोजचा व्यवहार चालतो तो खिशातल्या सुट्ट्या पैशांवर, म्हणजे मातीच्या पाण्यात विरघळलेल्या अमोनियम-नायट्रेटवर, आणि ते कुठल्याही क्षणी मोजलं तर फार थोडं निघतं. पावसातलं नत्र थेट त्या खिशात पडतं. शिवाय ते दरवर्षी पडतं आणि जंगल त्यातलं बरंचसं धरून ठेवतं. दहा किलो गुणिले पन्नास वर्षं असा हिशेब करा.

जंगल किती भरलंय ह्याची एक ढोबळ खूण वरच्या सेंद्रिय थरात मिळते: कार्बनला भागिले नत्र. युरोपातल्या सूचिपर्णी जंगलांत हे गुणोत्तर २५ च्या खाली गेलं की नायट्रेट झिरपायची शक्यता एकदम वाढलेली दिसते. तीसच्या वर असेल तर माती अजून भुकेली असते.

आल्डरबद्दल: निसर्ग म्हणून पुण्य वगैरे काही नाही. आल्डरच्या दाट राईखालची मातीही आम्ल होते, तिथूनही नायट्रेट झिरपतं. फरक एवढाच की नायट्रोजनची जोडी फोडणं फार खर्चाचं काम आहे. मातीत आयतं नत्र वाढलं की बरीच झाडं ते काम आवरतं घेतात. म्हणजे त्या नळाला तोटी आहे. पावसाच्या नळाला नाही. उत्तरेच्या जंगलांत जमिनीवर शेवाळाची गादी असते, त्या शेवाळात राहणारे नीलहरित जिवाणू हेक्टरी दीड-दोन किलो नत्र वर्षाला बांधतात. बाहेरून नत्र टाकलं की तेही काम थांबवतात. जंगलाची स्वतःची तोटी बंद होते आणि परकी मात्र सुरूच राहते.

निवृत्त_रसायनी:

ताईंनी आम्लतेचा भाग घाईत सोडला, तो मी घेतो. आयुष्य रसायनं शिकवण्यात गेलं, सवय जात नाही.

मातीत अमोनियम पडलं की नायट्रीकरण करणारे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, त्यातून त्यांना ऊर्जा मिळते. ह्या खटाटोपात अमोनियमच्या एका आयनामागे हायड्रोजनचे दोन आयन सुटतात. म्हणजे जे पडलं ते आम्ल नव्हतं, आम्ल मातीतच तयार झालं. नायट्रेट ऋणभारित, मातीचे कणही बहुतांशी ऋणभारित, त्यामुळे ते टिकत नाही, पाण्याबरोबर चालू लागतं. पण एकटं जाता येत नाही. भार जुळवायला सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम घेऊन जातं. मातीच्या कणांवरच्या त्या रिकाम्या जागा हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम बळकावतात.

सामू (आम्लता मोजणारा pH) साडेचार-पाचच्या खाली घसरला की ॲल्युमिनियम विरघळतं. बारीक मुळांच्या टोकांना ते थेट अपायकारक. १९८० च्या दशकात जर्मनीतली जंगलं वाळत असल्याची जी हाकाटी झाली, त्या वेळी ग्योटिंगनचे मृदाशास्त्रज्ञ बर्नहार्ड उलरिख हाच मुद्दा लावून धरत होते. त्या काळी मुख्य आरोपी गंधक होतं. गंधकाचा धूर पुढे युरोपात मोठ्या प्रमाणात आटोक्यात आला. नत्राचा, त्यातही अमोनियाचा, तितका आला नाही.

एक किस्सा सांगून थांबतो. नेदरलँड्समध्ये आम्ल झालेल्या जंगलांत बल्गुलीच्या जातीतला एक पक्षी, ग्रेट टिट, पातळ कवचाची, सच्छिद्र अंडी घालू लागला. विष शोधलं, सापडलं नाही. अखेर उत्तर निघालं गोगलगायींत. मातीतलं कॅल्शियम धुऊन गेलं, गोगलगायी कमी झाल्या, आणि ह्या पक्ष्यांच्या माद्या अंड्याच्या कवचासाठी गोगलगायींचेच शंख खात होत्या. संशोधकांनी शंखांचे आणि अंड्यांच्या टरफलांचे तुकडे ठेवले, अंडी सुधारली. १९९४ साली हे प्रसिद्ध झालं. मातीत काय बिघडलं ते घरट्यात दिसलं.

काजवा:

_/\_ हा किस्सा वाचून अंगावर काटा आला. पण टिट म्हणजे बल्गुली? मराठीत आम्ही तर त्याला रामगंगा म्हणतो.

निवृत्त_रसायनी:

असेल, रामगंगाही म्हणत असतील. मराठी नावावर मी पैज लावणार नाही, पक्षी हा माझा प्रांत नाही.

अळंबीवेडा:

शेवटी माझ्या आवडीच्या विषयावर धागा आला! युरोपात बुरशीवर परिणाम होतोय हे आधी प्रयोगशाळेत नाही, हौशी अळंबी-शोध्यांच्या टोपल्यांत कळलं. नेदरलँड्समध्ये अशा लोकांनी कित्येक दशकं नोंदी ठेवल्या होत्या. त्या नोंदी एफ आर्नोल्ड्स यांनी तपासल्या, तर झाडांशी भागीदारी करणाऱ्या अळंब्यांची संख्या जबरदस्त घटलेली. लाकूड कुजवणाऱ्या अळंब्यांचं तसं झालं नव्हतं. म्हणजे लोक कमी फिरले किंवा पाऊस कमी पडला, ही सबब टिकत नाही.

पुढे अलास्कात केनाई द्वीपकल्पावर एका खत-कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेनं अमोनिया पडत होता, तिथे कारखान्यापासून लांब जात जात नमुने घेतले. जवळ आलं की भागीदार बुरशीच्या जाती झपाट्यानं कमी. २०१८ मध्ये तर युरोपातल्या २० देशांतल्या १३७ वनखंडांमधली मुळं तपासून निकाल आले, आणि जाती ठरवणाऱ्या घटकांत झाडाच्या जातीबरोबर नत्र ठळक निघालं. हेक्टरी पाच-दहा किलोलाच समाज बदलायला लागतो असं आता धरलं जातं. झाडावर काही दिसायच्या कितीतरी आधी.

सगळ्या बुरशा सारख्या मरत नाहीत हेही सांगायला हवं. कॉर्टिनेरियस गट सगळ्यात हळवा. लॅकेरिया, पॅक्सिलस ह्यांना नत्राचं फार वावडं नाही. ज्यांना दूरवर तंतू पाठवून सेंद्रिय पदार्थ फोडून नत्र काढता येतं, त्या कुशल कारागिरांची गच्छंती आधी. आयतं उचलणारे टिकतात. (ओळखीचं वाटलं तर तो योगायोग.)

बाकी ह्या बुरशांमधूनच झाडं एकमेकांशी बोलतात, आई-झाड पिल्लांना साखर पाठवतं. नत्रामुळे जंगलाचं ते इंटरनेटच तुटतंय, हे जास्त भयंकर आहे.

पाचोळा:

अळंबीवेडा, शेवटचा परिच्छेद सोडून सगळ्याला +१.

बुरशीचं जाळं दोन झाडांना जोडू शकतं, ते दिसलं आहे. पण त्यातून पिल्लांना भरवणं, इशारे देणं ह्या दाव्यांना प्रत्यक्ष जंगलातला आधार फार तोकडा आहे. २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट आणि दोन सहकाऱ्यांनी हे दावे एकेक करून तपासले आणि बरेच पोकळ निघाले. हे तिघंही ह्याच क्षेत्रात मुरलेले, बाहेरचे टीकाकार नव्हेत. मला विचाराल तर जे पक्कं माहीत आहे तेच इतकं अचाट आहे की वर आई-मुलाचं नातं चिकटवायची गरज नाही.

शंकासुर:

आता माझा हुकमी पत्ता. मी थोडं वाचून आलोय. नत्र टाकलं की पाचोळा कुजायचा वेग कमी होतो आणि मातीत कार्बन साठतो, असं तुमच्याच हार्वर्ड फॉरेस्टमधून २०१४ मध्ये आलंय. तापमानवाढीच्या काळात जमिनीत कार्बन साठणं म्हणजे चांगलंच की. मग तक्रार कशाची?

पाचोळा:

पत्ता खरंच हुकमी आहे, आणि खरा आहे. विरोधाभास असा, की नत्र वाढलं तर सूक्ष्मजीवांना चेव यायला हवा, पाचोळा भराभर संपायला हवा. ताज्या, नरम पाचोळ्याचं तसं होतंही, सेल्युलोज पचवणारी विकरं (एन्झाइम) वाढतात. पण लिग्निन फोडणं हा वेगळा धंदा. त्यासाठी लागणारी ऑक्सिडीकरणाची विकरं महागडी आणि ती मुख्यतः काही बुरशांकडेच. लिग्निन फोडण्यात पोट भरण्यापेक्षा आत अडकलेलं नत्र काढणं हा हेतू जास्त असावा, असा बऱ्याच जणांचा कयास आहे. नत्र आयतं मिळालं की एवढी हातोडी कोण मारत बसेल? क्षेत्रप्रयोगांचा गोषवारा घेणाऱ्या २००८ च्या एका विश्लेषणात नत्र टाकल्यावर सूक्ष्मजीवांचं वस्तुमान सरासरी १५ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. खत टाकून खाणारेच कमी झाले.

स्वीडनमधून २०२१ मध्ये आलेला निकाल मला फार आवडतो. कॉर्टिनेरियस ॲक्युटस ह्या एका गटाची बुरशी जिथे होती, तिथे वरच्या सेंद्रिय थरात कार्बन ३३ टक्के कमी होता. एवढासा गट, पण साचलेलं उपसणारा. अळंबीवेडांनी ज्याला सगळ्यात हळवा म्हटलं तो हाच. तो गेला की कार्बन साचणारच.

त्याच्या उलट जाणारा एक जुना धागाही आहे. १९७१ मध्ये न्यूझीलंडमध्ये रूथ आणि पीटर गाडगीळ यांनी पाइनच्या राईत चर खणून मुळं तोडली, म्हणजे भागीदार बुरशी बाजूला काढली. तर पाचोळा अधिक वेगानं कुजला! भागीदार बुरशी नत्र ओढून घेऊन कुजवणाऱ्यांची उपासमार करत असावी, असा त्यांचा अर्थ. ‘गाडगीळ परिणाम’ म्हणूनच तो ओळखला जातो. म्हणजे भागीदार बुरशी गेल्यावर कुजणं वाढेल की कमी होईल, हे कोणती बुरशी गेली ह्यावर ठरतं. सरसकट विधान करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही.

आता तुमची तक्रारीची चौकशी. साचलेल्या कार्बनात इतर अन्नद्रव्यंही साचतात, म्हणजे मुदत ठेव वाढली आणि खिसा रिकामा. दुसरं, भरलेल्या मातीत जिथे ओल आणि ऑक्सिजनची कमतरता असते तिथे जिवाणू नायट्रेटचा श्वास घेतात आणि नायट्रस ऑक्साइड सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. वजाबाकी करा. काही जंगलांत कार्बनच्या बाजूनं पारडं झुकेलही. पण त्यासाठी मातीचा सामू, तिचं कॅल्शियम आणि ओढ्याचं पाणी गहाण टाकायचं का, हा प्रश्न उरतो.

तिरकस:

गाडगीळ! परिणामाला मराठी आडनाव आणि आम्हाला हे आज कळतंय. बाकी धाग्याचं सार माझ्या डोक्यात असं बसलंय: फुकट मिळालं की कामगार आळशी होतो. चुकीचं असेल तर सांगा, मी तेच लक्षात ठेवणार आहे.

पाचोळा:

थोडं चुकीचं. कामगार आळशी होत नाही, मालक त्याला कामावरून काढतो. दोन्हीत फरक आहे. :)

काजवा:

हे सगळं मोजतात कसं? म्हणजे मातीत किती नायट्रेट तयार होतंय हे कळतं कसं?

पाचोळा:

कसं मोजू नये ते आधी सांगते, कारण ते मी स्वतः केलं आहे. शिकत असताना एका शुक्रवारी संध्याकाळी जंगलातून नळीनं काढलेले मातीचे नमुने घेऊन आलो. चाळून, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात हलवून, गाळून मग मोजायचं असतं. थकले होते. पिशव्या टेबलावर ठेवल्या, म्हटलं सोमवारी बघू. शीतकपाटात ठेवायच्या विसरले. सोमवारी आकडे आले ते बघून वाटलं, वा, केवढा शोध लागला. सरांनी आकडे पाहिले, पिशवीला हात लावला आणि एवढंच विचारलं, "ही माती कोमट का आहे?"

दोन दिवस उबेत, ओलाव्यात जिवाणूंनी निवांत काम केलं होतं. मुळं तोडलेली, त्यामुळे तयार झालेलं नत्र उचलणारं कोणी नाही. सगळं पिशवीतच साठलं. सगळे नमुने फेकले. पण गंमत अशी की मोजायची पद्धत हीच आहे, फक्त जाणूनबुजून करायची. अर्धी माती लगेच मोजायची, अर्धी ठरावीक दिवस उबेत ठेवून मोजायची, वजाबाकी म्हणजे मातीचा वेग. माझ्याकडे वजा करायला पहिला आकडाच नव्हता.

वाचनमात्र:

पहिलाच प्रतिसाद देतोय. हे सगळे प्रयोग थंड प्रदेशातले दिसतात. उष्ण कटिबंधातल्या जंगलात नत्राची टंचाई नसते म्हणतात. मग तिथे काही फरक पडत नसेल?

पाचोळा:

स्वागत! प्रश्न नेमका आहे. उष्ण कटिबंधातल्या पुष्कळ जुन्या मातीत नत्र मुबलक असतं आणि टंचाई असते स्फुरदाची. बहुतेक झाडांची बुरशीही वेगळ्या प्रकारची, मोजा न घालता मुळाच्या पेशीत शिरणारी, आणि ती मुख्यतः स्फुरदासाठी ठेवलेली. साल वृक्षासारखी डिप्टेरोकार्प कुळातली झाडं मात्र मोजेवाल्या बुरशीशी भागीदारी करतात, त्यामुळे ‘उष्ण कटिबंध’ असा एकच गठ्ठा बांधता येत नाही.

दक्षिण चीनमधल्या डिंगहूशानच्या राखीव जंगलात २००३ पासून नत्र टाकून पाहत आहेत. तिथली माती आधीच आम्ल, भरलेली. टाकलेलं नत्र धरून ठेवायला कोणी नाही, त्यामुळे झिरपणं वाढलं, आम्लता आणखी वाढली. पाचोळा कुजणं मंदावलं. म्हणजे थंड जंगलात पहिले परिणाम भागीदारीवर, इथे थेट रसायनावर. ‘टंचाई नाही म्हणून फरक नाही’ हे उलटं आहे. टंचाई नसल्यामुळे मध्ये शोषून घेणारा टप्पाच नाही.

शंकासुर:

ठीक. हत्यार खाली ठेवतो, पण एक शेवटचं. नत्र पडायचं थांबलं तर माती परत येते का? की गेली ती गेली?

पाचोळा:

ह्यासाठी युरोपात लोकांनी काय केलं असेल? जंगलाला छप्पर घातलं. खरंच. १९९० च्या आसपास नेदरलँड्समध्ये आयसेलस्टाइन आणि स्पेउल्ड इथे, जर्मनीत सोलिंगला, स्वीडनमध्ये गोर्डशोनला, झाडांच्या शेंड्यांखाली पारदर्शक छपरं टाकली. वरून गळणारं घाण पाणी अडवायचं आणि खाली स्वच्छ केलेलं पाणी शिंपडायचं. डोक्यावर फांद्या, मध्ये छप्पर, खाली माती.

झिरपणारं नायट्रेट अपेक्षेपेक्षा लवकर घटलं, काही ठिकाणी पहिल्या एक-दोन वर्षांतच. आयसेलस्टाइनला भागीदार अळंब्या परतू लागल्या. पण मातीत साठलेलं नत्र आणि धुऊन गेलेलं कॅल्शियम हा हिशेब तितक्या लवकर मिटत नाही. कॅल्शियम परत यायला खडक झिजावा लागतो, आणि खडकाला घाई नसते. बुरशीचंही असंच: आसपास ती जात शिल्लक असेल तर बीजाणू येतील, शंभर किलोमीटर सगळीकडे संपलेली असेल तर येणार कुठून? नायट्रेट वर्षांत, बुरशी दशकांत, कॅल्शियम त्याहून कितीतरी पुढे, असा क्रम मी धरते.

काजवा:

पाचोळाताई, तुमचा धागा वाचून आज सकाळी भिंग घेऊन एका पाइनखाली बसलो. वरचे सुके थर हातानं बाजूला केले, खाली चुरा झालेल्या सुया, त्याखाली काळं. तिथे केसासारखी मुळं सापडली. टोकं इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभागलेली. काही फिकट तपकिरी, गुळगुळीत. आणि दोन-तीन टोकं कोळशासारखी काळी, त्यांना चहूबाजूंनी राठ केस. मुळं मेली म्हणायची का?

पाचोळा:

वा! नाही, मेली नाहीत. वायसारखी टोकं म्हणजे पाइनचा नेहमीचा मायकोरायझा, आणि गुळगुळीत दिसतं ते मूळ नव्हेच, त्यावरचा बुरशीचा मोजा. मूळकेस दिसले का बघा, दिसणार नाहीत, बुरशी असली की त्यांची गरज नसते. आणि काळं राठ केसांचं टोक बहुधा सेनोकॉकम. सगळ्यात सोपी ओळख, आम्ही मुलांना आधी तीच दाखवायचो. कोरड्या दिवसांत बाकीचे दमले तरी ही टिकून असते.

परत झाकलंत ना सगळं?

काजवा:

झाकलं. थर होते त्याच क्रमानं.